सातचं पुस्तक आणि साडेनऊचं पुस्तक: न झोपणाऱ्या पोरांवरची चित्रपुस्तकं

दोनच पुस्तकं घ्यायची असतील तर एक कबुतराचं घ्या आणि एक गोरिलाचं. घाई असेल तर एवढ्यावरच दुकानात जायला हरकत नाही. पण कबुतराचं पुस्तक रात्री साडेनऊला उघडलंत तर पुढच्या गोंधळाला मी जबाबदार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

लेक आमची चार वर्षांची. नागपूरचा मे महिना म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. दुपारी बारापासून घरात कोंडलेली पोर वाळ्याच्या गारव्यात दोन-अडीच तास ढाराढूर झोपते आणि रात्री, भिंती अजून तव्यासारख्या तापलेल्या असताना, टवटवीत होऊन नाचते. त्यात विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपत आला की उघडतात, म्हणजे हा खेळ दीड-दोन महिने चालणार. तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दिवसाची धरून १० ते १३ तास झोप लागते, असं झोपेचे डॉक्टर सांगतात. त्यातून दुपारचे अडीच वजा करा. सकाळी सातला उठणारी पोर रात्री साडेनऊला झोपत नाही, यात तिचं काही चुकत नाही. तिचं गणित पक्कं आहे, आपलंच कच्चं.

तर अशा घरात ‘मला नाही झोपायचं’ म्हणणाऱ्यांची विनोदी चित्रपुस्तकं एकेक करत जमली. बहुतेक इंग्रजी, कारण या एका विषयावर तिकडे ढिगानं पुस्तकं निघतात. आम्ही ती वाचतो मराठीत, पान उलटता उलटता तोंडी भाषांतर करत. त्यामुळे माझी पहिली कसोटी हीच: पुस्तक तोंडी मराठीत टिकतं का? दुसरी कसोटी मला फार उशिरा कळली. हसवणारं पुस्तक आणि झोपवणारं पुस्तक ही दोन वेगळी पुस्तकं असतात, आणि दुकानदार ती एकाच फळीवर ठेवतो.

आधी कबुतर. मो विलेम्स या अमेरिकन चित्रकार-लेखकाचं ‘डोंट लेट द पिजन स्टे अप लेट!’, २००६ सालचं. बसचा ड्रायव्हर दात घासायला जातो आणि जाता जाता वाचणाऱ्याला सांगून जातो, या कबुतराला जागू देऊ नका. तिथून शेवटापर्यंत कबूतर आणि आपण, दोघंच. ते गयावया करतं, पाणी मागतं, टीव्हीवर पक्ष्यांचा माहितीपट आहे म्हणतं, लाडीगोडी लावतं, तणतणतं. चित्रात रंगीत पार्श्वभूमीवर जाड रेघेचं एक कबूतर, बाकी काही नाही. खोली नाही, पलंग नाही, आईबाप नाहीत. ‘नाही’ म्हणायचं काम पुस्तकानं सोपवलंय ते ऐकणाऱ्या मुलावर.

यातली गंमत पहिल्या रात्रीच दिसली. जी पोर स्वतः दहा मिनिटांपूर्वी ‘कूलरमध्ये पाल आहे’ म्हणून उठून बसली होती, ती कबुतराला बोट नाचवून दटावत होती: ‘नाही! झोप म्हटलं ना!’ रोज आपल्याला ऐकावं लागणारं वाक्य तिला पहिल्यांदाच दुसऱ्याला ऐकवायला मिळालं होतं. कबुतराच्या सगळ्या सबबी तिच्या ओळखीच्या, किंबहुना तिच्याच. त्यामुळे ती एकाच वेळी चोरही होती आणि शिपाईही.

भाषांतरात तर हे पुस्तक खुलतं. यमक नाही, शब्दांचे खेळ फारसे नाहीत, सबबी तेवढ्या आहेत, आणि सबबी कुठल्याही भाषेत सबबीच असतात. सासूबाई अमरावतीकडच्या. त्यांनी एकदा हे पुस्तक हातात घेतलं आणि कबूतर वऱ्हाडीत बोलायला लागलं: ‘मले झोपच नाही येऊन राहिली, तं म्या काय करू? पाणी तं पेऊ द्या!’ तेव्हापासून माझ्या पुस्तकी मराठीतल्या कबुतराला घरात मान नाही.

त्याच म्हणाल्या, यात नवीन ते काय? आणि खरंच. चिऊताईनं काऊला दाराबाहेर ताटकळत ठेवलं ते कशाच्या जोरावर? थांब, बाळाला न्हाऊ घालते, थांब, बाळाला तीट लावते. म्हातारीनं वाघाला टोलवलं ते तरी कसं? लेकीकडे जाऊ दे, तूपरोटी खाऊ दे, जाडजूड होऊ दे, मग खा. आपल्या पोरांना सबबींचं शिक्षण पाळण्यापासून मिळतं, आणि मग ती रात्री साडेनऊला तेच आपल्यावर वापरतात. कबुतराचं पुस्तक त्याच जातीचं आहे, फक्त इथे सबबी ऐकणारा भोळा वाघ होण्याची पाळी ऐकणाऱ्यावर येते आणि पोर वाघासारखी भोळी नसते.

आता तोटा. हे पुस्तक मुलाला ओरडायला लावतं. शेवटी कबूतर जांभया देत झोपी जातं हे खरं, पण तोवर आमच्या पोरीचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत पोचलेला असतो आणि लगेच ‘पुन्हा!’ येतं. तीन वेळा वाचून मी स्वतः झोपले आहे. म्हणून हे सातचं पुस्तक. संध्याकाळी ऊन कललं की गच्चीवर पाणी मारून, सतरंजी टाकून वाचा. मग रात्री खरी सबब निघाली की ‘कबूतर आलं बघ’ एवढं म्हटलं तरी काम भागतं. रोज भागत नाही.

साडेनऊचं पुस्तक म्हणजे पेगी रॅथमन यांचं ‘गुडनाइट, गोरिला’, १९९४ सालचं. शब्द जवळजवळ नाहीतच. प्राणिसंग्रहालयाचा राखणदार एकेका पिंजऱ्यापाशी जाऊन शुभरात्री म्हणतो. त्याच्या पट्ट्याच्या किल्ल्या गोरिलानं केव्हाच लांबवलेल्या असतात. गोरिला मागे मागे जात हत्ती, सिंह, तरस, जिराफ, आर्माडिलो असे सगळे सोडवतो आणि ही वरात राखणदाराच्या मागून थेट त्याच्या झोपायच्या खोलीत. त्याला पत्ता नाही. दिवा मालवल्यावर बायको शुभरात्री म्हणते आणि काळ्याकुट्ट पानावर एकदम सात उत्तरं येतात. मग पुढचं पान: पूर्ण अंधार, आणि बाईचे तेवढे दोन टपोरे डोळे.

या पानाला मूल हसतं, पण हसणं बेताचं, पोटातल्या पोटात. सगळं पुस्तकच दबक्या पावलांनी चाललेलं आहे. वाचणारा आपोआप हळू बोलतो. प्रत्येक पिंजऱ्याच्या कुलपाचा आणि किल्लीचा रंग जुळतो, उंदीर दोरीला केळं बांधून ते ओढत चाललाय, अशा बारीक गोष्टी शोधत मूल पानात गुंतून राहतं. कबूतर मुलाला उठवून बसवतं, गोरिला उशीवरच ठेवतो.

आणखी एक गोष्ट आपल्याकडच्या घरांसाठी महत्त्वाची. या विषयावरच्या बहुतेक इंग्रजी पुस्तकांत मूल एकटं, स्वतःच्या खोलीत. आईबाप खाली किंवा पलीकडे. सगळी गंमत त्या अंतरातून निघते: हाक मारा, पावलांचा आवाज ऐका, दार किलकिलं करा. आमच्याकडे लेक आजी आणि माझ्या मधे झोपते, उन्हाळ्यात तर कूलरच्या तोंडाशी सगळं घर एका ओळीत. तिला ‘अंधाऱ्या खोलीत एकटं’ हा प्रसंगच कळत नाही. गोरिलाला मात्र नेमकं तेच हवंय जे तिच्याकडे आहे, सगळ्यांच्या मधली जागा. बायको प्राण्यांना परत सोडून येते, पण गोरिला आणि उंदीर पुन्हा मागून येऊन अंथरुणात शिरतातच. अमेरिकेत हा शेवट खट्याळपणा असेल, आमच्याकडे तो न्याय आहे.

(इथल्या प्राणिसंग्रहालयात, महाराजबागेत, नेलं तेव्हा तिनं पहिला प्रश्न विचारला तो किल्ल्यांचा. गोरिला तिथे नाही हे कळल्यावर ती खट्टू झाली, वाघानं भरपाई झाली नाही.)

आता ज्यांना ही दोन्ही आहेत किंवा थोडं मोठं मूल आहे, त्यांच्यासाठी बाकीची.

डेव्हिड एझ्रा स्टाइन यांचं ‘इंटरप्टिंग चिकन’ २०१० सालचं. त्याला पुढच्या वर्षी कॅल्डिकॉट ऑनर मिळाला, अमेरिकेतल्या चित्रपुस्तकांसाठी तो मोठा मान. कोंबडीचं पिल्लू बाबांना गोष्ट सांगायला लावतं आणि प्रत्येक गोष्टीत मधेच उडी मारून पात्रांना सावध करतं, की गोष्ट एका दमात खलास. शेवटी पिल्लूच बाबांना गोष्ट सांगतं आणि बाबा घोरायला लागतात. हे दृश्य आमच्याकडे दर शनिवारी प्रत्यक्ष घडतं. अडचण अशी, की त्यातल्या गोष्टी हॅन्सेल आणि ग्रेटेल, लाल टोपीवाली, अशा आहेत. मूळ गोष्ट ठाऊक नसेल तर ती मोडण्यात मजा नाही. मी त्या जागी भोपळा आणि ससा-कासव घातले. चित्र काही दाखवतंय, मी काही सांगतेय, तरी चाललं, कारण ‘म्हातारे, जंगलात जाऊ नको, वाघ आहे!’ हे ओरडण्यात तिला अर्थ कळतो. पाच वर्षांच्या आसपास हे कबुतरापेक्षा वरचढ ठरेल असं वाटतं. ज्या घरात बाबा गोष्ट सांगतात तिथे तर आधी घ्या.

‘बेडटाइम फॉर फ्रान्सिस’ जुनं, १९६० सालचं. लेखक रसेल होबन, चित्रं गार्थ विल्यम्स यांची. फ्रान्सिस ही बिज्जूची, म्हणजे बॅजर या प्राण्याची, पोर. दूध, पापे, पाठुंगळी, टेडी, सगळं वसूल करून झाल्यावर तिला खोलीत वाघ दिसतो, राक्षस दिसतो, छताला तडा दिसतो आणि प्रत्येक शोध आईबाबांना कळवणं तिला भाग पडतं. या सगळ्या यादीत लेखन याचंच सर्वांत चांगलं. बाबा तिला समजावतात, वाऱ्याचं काम पडदे हलवणं, माझं काम ऑफिसला जाणं, तुझं काम झोपणं. आणि तसं केलं नाही तर काय होईल? धपाटा. आता इथे तुम्ही ठरवायचं. काही पालक त्या एका पानासाठी पुस्तक नाकारतील. सासूबाईंना मात्र अख्ख्या पुस्तकात तेवढंच पान व्यवहाराला धरून वाटलं. मी ते पान वाचते आणि धपाट्याच्या जागी धपाटा असंच म्हणते, कारण तो मिळत नाही, फक्त हवेत राहतो. मजकूर बराच आहे, चित्रं शांत. चारच्या आतल्या मुलासाठी नको.

ॲना ड्यूडनी यांचं ‘लामा लामा रेड पजामा’ (२००५) खूप जणांकडे असतं, भेटही येतं. आईनं खाली जाऊन फोन घेतला आणि यायला वेळ लावला म्हणून लामाचं पिल्लू आकांत मांडतं. पण पुस्तकाचा जीव यमकांत आहे. मराठीत सांगायला गेलं की यमक गळतं आणि मागे उरतं ते रडणारं पिल्लू. ज्यांच्याकडे इंग्रजीतूनच वाचन होतं त्यांनी खुशाल घ्यावं. ऐकायला झुलतं आहे.

शीर्षकातच शिवी असलेलं एक पुस्तक २०११ मध्ये गाजलं, ॲडम मॅन्सबाक यांचं. अंगाईच्या चालीवर बापाच्या मनातल्या शिव्या. ध्वनिफीत सॅम्युएल एल. जॅक्सन यांच्या आवाजात आहे. ते मुलांचं पुस्तक नाही, पलंगावर विसरू नका. पोर झोपल्यावर स्वयंपाकघरात ओटा पुसताना ऐकायला झकास.

मराठीत? मूल आणि घर यांच्यावर सुंदर चित्रपुस्तकं मराठीत आहेत, माधुरी पुरंदरे यांचं ‘राधाचं घर’ आमच्याकडे पाठ आहे, पण न झोपण्याच्या नाटकावर इतकं खदखदून हसवणारं काही माझ्या हाती लागलेलं नाही. फुकटात बघायचं असेल तर ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेचं स्टोरीवीव्हर हे संकेतस्थळ २०१५ पासून आहे, मराठीतल्या गोष्टी वाचनाच्या पातळीनुसार लावलेल्या, उतरवून छापून घेता येतात. तिथली ‘गुडनाइट, टिंकू!’ ही न झोपणाऱ्या कुत्र्याच्या पिल्लाची गोष्ट. ते रात्री बाहेर पडतं आणि निशाचर प्राण्यांना भेटतं. हसू कमी, कुतूहल जास्त. मात्र मोबाइलवर नको. निजताना अंधारात तो उजेड डोळ्यांवर मारला की झोप आणखी लांबते. शिवाय मोबाइल हातात आला की पोर गोष्ट बाजूला सारून दुसरंच काही लावते. कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून रंगीत छापून, मधोमध पिना मारून घ्या.

वयाचा हिशेब थोडक्यात: दोनच्या आत फक्त गोरिला, तोही जाड पुठ्ठ्याच्या पानांचा, कारण कोपरे चावले जाणार. तीन ते पाच, कबूतर आणि गोरिला. पाचच्या पुढे कोंबडीचं पिल्लू, आणि मूल बसून ऐकणारं असेल तर फ्रान्सिस.

गोरिलाच्या पहिल्या पिंजऱ्याशी एक गुलाबी फुगा आहे. तो सुटतो आणि पुढे पानापानावर लहान लहान होत जातो. आमच्याकडे एका पानावर तो लेकीला दिसतो आणि मला अजून दिसलेला नाही. दाखव म्हटलं तर म्हणते, ‘उद्या दाखवीन, आता झोप.’