मेलमनमधलं 'फ्रॉम' बदलणं: नऊ महिने वापरल्यावर

आमच्या इंजिनिअरिंगच्या बॅचची मेलिंग लिस्ट मी चालवतो. १३० माणसं, निम्मी पुण्या-नाशकात, बाकीची न्यू जर्सीपासून मेलबर्नपर्यंत. व्हॉट्सअ‍ॅप आहेच, पण लांबण लावणाऱ्यांना आणि ते सवडीनं वाचणाऱ्यांना मेलच लागते. डिसेंबर २०२० मध्ये याहू ग्रुप्स बंद झाले तेव्हा भाड्याच्या एका छोट्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवलं. नऊ महिन्यांपूर्वी तिथे मेलमन ३ (मेलिंग लिस्ट चालवायचं सॉफ्टवेअर) टाकलं, तेही मुख्यतः एका सोयीसाठी: लिहिणाऱ्याचा पत्ता बदलून मेल पुढे पाठवणं.

दुखणं जुनं आहे. एप्रिल २०१४ मध्ये याहूनं आपल्या पत्त्यांसाठी डीमार्कचं ('फ्रॉम'मधला पत्ता खरा आहे का ते तपासायची पद्धत) 'रिजेक्ट' धोरण लावलं, पाठोपाठ एओएलनं. म्हणजे 'फ्रॉम'मध्ये याहूचा पत्ता आहे आणि मेल याहूची ओळख पटवू शकत नाही, तर घेणाऱ्यानं ती दारातूनच परत लावावी. भामट्यांसाठी हे रास्तच. पण लिस्ट काय करते? विषयाच्या आधी कंसात आपलं नाव चिकटवते, खाली तळटीप जोडते. तेवढ्यानं डीकिमची सही, म्हणजे मेल वाटेत बदलली नाही हे सांगणारी पाठवणाऱ्या सर्व्हरची मोहोर, मोडते. एसपीएफ (या डोमेनच्या नावानं मेल पाठवायची या सर्व्हरला परवानगी आहे का, ही तपासणी) आमच्या सर्व्हरच्या नावानं पास होतो, पण ते नाव 'फ्रॉम'मधल्या डोमेनशी जुळत नाही. सज्जन माणसाची मेल तोतया ठरते.

आणि भोगायचं कुणी? लिहिणाऱ्यानं नाही. त्याची मेल ज्या वाचकाच्या मेलबॉक्सनं परत केली, बाउन्स त्या वाचकाच्या खात्यावर चढतो. मेलमन दिवसाला फार तर १ गुण धरतं आणि मुळातल्या सेटिंगप्रमाणे ५ गुणांना त्या वाचकाची डिलिव्हरी थांबवतं. आमच्याकडे जुना याहू आयडी असलेला एक मित्र हिमालय ट्रेकचं वर्णन रोज एक भाग असं लिहीत होता. सहाव्या दिवशी बघतो तर २२ जणांची डिलिव्हरी बंद. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

पोस्टोरियसमध्ये (मेलमनच्या वेबवरच्या नियंत्रण पानांत) लिस्टच्या सेटिंगमध्ये डीमार्कचं स्वतंत्र पान आहे. तिथे 'फ्रॉम'च्या जागी लिस्टचा पत्ता घालण्याचा पर्याय निवडला. मेलमन लिहिणाऱ्याच्या डोमेनचं धोरण डीएनएसमध्ये (डोमेनांच्या सार्वजनिक नोंदवहीत) बघतं आणि ते 'रिजेक्ट' किंवा 'क्वारंटाइन' असेल तरच पत्ता बदलतं. नाव 'अमुक व्हाया बॅच' असं दिसतं, खरा पत्ता लिस्टच्या सेटिंगप्रमाणे 'रिप्लाय-टू' किंवा 'सीसी'मध्ये जातो. बाउन्स त्याच आठवड्यात थांबले. एवढ्यासाठी पैकीच्या पैकी गुण.

मूळ मेल दुसऱ्या मेलमध्ये गुंडाळून पाठवायचाही पर्याय आहे. दोन दिवस लावून पाहिला. काही जणांच्या फोनवर कोरी मेल आणि खाली एक अटॅचमेंट दिसू लागली. "रिकामं पाकीट कशाला पाठवतोयस?" असे फोन आल्यावर काढून टाकला.

तिसऱ्या महिन्यात नानाचं प्रकरण झालं. नाना म्हणजे आमच्यातला पहिला आजोबा. माझ्या स्वतःच्या डोमेनला मी मोठ्या हौसेनं 'रिजेक्ट' लावलेलं, त्यामुळे लिस्टवर माझाही पत्ता बदलूनच जायचा. नानानं फोनवर माझ्या नावावर बोट ठेवून तो 'कॉन्टॅक्ट'मध्ये साठवला. नाव माझं, पत्ता लिस्टचा. मग एका रात्री त्यानं मला खाजगी म्हणून मेल केली: बायपास ठरलीय, बायकोला अजून सांगितलेलं नाही, पैशाचं जरा बघशील का. सकाळपर्यंत ती १३० जणांनी वाचली होती. त्यातल्या एकाची बायको वहिनींची मैत्रीण. पुढचं सांगायला नको. ऑपरेशन नीट पार पडलं, पण नाना महिनाभर माझ्याशी बोलला नाही, आणि चूक त्याची नव्हती.

आयईटीएफच्या (इंटरनेटचे नियम ठरवणारी संस्था) याद्यांवर हा धोका टाळलेला आहे. तिथे मूळ पत्त्यातल्या अ‍ॅटच्या जागी '=40' घालून प्रत्येकाला dmarc.ietf.org वरचा वेगळा पत्ता दिला जातो, त्यामुळे उत्तर सगळ्या यादीवर न जाता त्या माणसाकडेच जातं. मेलमनमध्ये असं तयार काही मिळालं नाही. प्रोग्रामर लोकांचं रडगाणं आणखी वेगळं: लिस्टवर मेलनं आलेला, पत्ता बदललेला पॅच (कोडमधली दुरुस्ती) तसाच घेतला, तर गिटमध्ये (कोडच्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) लेखक म्हणून लिस्टच नोंदली जाते. क्यूईएमयू या सॉफ्टवेअरवाल्यांनी तर आपल्या पॅच तपासणाऱ्या स्क्रिप्टमध्ये त्यासाठी खास एरर घालून ठेवली आहे.

सहाव्या महिन्यात मी उलटा फिरलो. पत्ता बदलणं बंद, आणि मेलला हातच लावायचा नाही. विषयातला कंस गेला, तळटीप गेली, एचटीएमएल काढून टाकणं गेलं, 'रिप्लाय-टू'मधली ढवळाढवळ गेली. सही शाबूत राहते, डीमार्क पास होतं, 'फ्रॉम'मध्ये खरा माणूस दिसतो. कंस गेल्यावर दंगा झाला. "बॅचची मेल ओळखायची कशी?" मग 'लिस्ट-आयडी' हेडरवर (मेलच्या माथ्यावर लिस्टचं नाव सांगणारी, एरवी न दिसणारी ओळ) फिल्टर कसा लावायचा ते स्क्रीनशॉटसकट कितीतरी जणांना समजावलं. दोन जण तरीही अडकले, कारण त्यांचे सर्व्हर मेलमध्ये नसलेल्या 'लिस्ट-' हेडरांवरही सही करून ठेवतात. मेलमननं ते हेडर घातले की सही मोडलीच. त्या दोघांना दुसरा पत्ता घ्यायला लावला. एआरसी म्हणून २०१९ चा एक उपाय आहे, 'माझ्याकडे आली तेव्हा मेल चोख होती' असं सर्व्हरनं सही करून सांगायचं. पण आमच्यासारख्या चिल्लर सर्व्हरच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही, हे घेणाऱ्याच्या मर्जीवर.

ज्यांच्या लिस्टला कंस आणि तळटीप हवीच, त्यांनी पत्ता बदलण्याचा पर्याय बिनदिक्कत लावावा, फक्त सरसकट सगळ्यांना लावू नये, आणि लावलेल्या दिवशीच लोकांना सांगावं की 'व्हाया' असलेलं नाव साठवू नका. मी ते सांगितलं नव्हतं.

नानाच्या फोनमधून ती नोंद काढायला मी स्वतः त्याच्या घरी जाऊन आलो. परवा त्याचा फोन आला, म्हणाला, दिवाळीच्या शुभेच्छा तुला एकट्याला पाठवल्यात, बघ. लिस्टवर तोवर अकरा जणांनी त्याला 'तुलाही' म्हणून कळवलं होतं. टॅबलेटमधली नोंद राहिली होती.