पॅरिसमध्ये परवडणारं फ्रेंच जेवण: बुयों की बिस्त्रो?

पॅरिसला जाणाऱ्याला अस्सल फ्रेंच जेवायचं असतं आणि बिल बघून पोटात गोळाही यायला नको असतो. अशा वेळी दोन पर्याय समोर येतात: बुयों, म्हणजे स्वस्त, गजबजलेली मोठी खाणावळ, आणि बिस्त्रो, म्हणजे मोजक्या टेबलांचं छोटं रेस्टॉरंट. माझं मत आधीच सांगते: दुपारी बिस्त्रो, रात्री बुयों. उलट केलंत तर पैसे जास्त जातात आणि मजाही कमी येते.

बुयोंची सुरुवात कष्टकऱ्यांच्या भुकेतून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर द्यूव्हाल नावाच्या खाटकाने ले आल बाजाराच्या परिसरात उकडलेलं मांस आणि त्याचा गरम रस्सा स्वस्तात द्यायला सुरुवात केली. पुढे अशा खाणावळी शहरभर पसरल्या आणि नंतर बऱ्याचशा बंद पडल्या. १८९६ मध्ये सुरू झालेलं शार्तिए मात्र अजून त्याच जागी, ग्रां बुलव्हारजवळ, जोरात चालू आहे. उंच छताचं दालन, भिंतभर आरसे, टेबलांच्या वर सामान ठेवायला पितळी रॅक. नेहमीच्या गिऱ्हाइकांचे नॅपकिन ठेवायचे नंबर घातलेले लाकडी खण अजूनही भिंतीवर आहेत. काळा वेस्टकोट आणि पांढरा एप्रन घातलेला वेटर तुमची ऑर्डर टेबलावर अंथरलेल्या कागदावरच लिहितो आणि शेवटी तिथेच बेरीज मांडतो. २०१७ मध्ये पॅरिसच्याच पिगाल भागात आणि २०२१ मध्ये रेपुब्लिक भागात नवे बुयों उघडले, तेही असेच गजबजलेले असतात.

इथे स्टार्टर, मुख्य पदार्थ आणि गोड असं तिन्ही मिळून साधारण वीस-बावीस युरोंत भागतं. किचन दुपारपासून रात्री उशिरापर्यंत सलग चालू असतं, त्यामुळे चार वाजता भूक लागली तरी अडत नाही. पण निवांतपणा शोधत असाल तर इथे तो मिळणार नाही. आवाज भरपूर, टेबलं अगदी खेटून. शार्तिएत तर अनोळखी माणसांच्या टेबलावरही बसवतात. पदार्थ साधे आणि ठरलेले असतात: अंडं-मेयोनेज, व्हिनेग्रेट (तेल आणि व्हिनेगरचं ड्रेसिंग) घातलेला लीक, म्हणजे कांद्याच्या जातीची भाजी, आणि बफ बुर्गिन्याँ, म्हणजे रेड वाईनमध्ये शिजवलेलं बीफ. चव चांगली असते, पण घरी परतल्यावर आठवत राहील अशी क्वचितच.

ती चव बिस्त्रोत सापडते. जागा छोटी, टेबलं मोजकी, आणि आज काय आहे ते खडूने लिहिलेली पाटी. बऱ्याच ठिकाणी वेटर ती पाटीच उचलून तुमच्या शेजारच्या खुर्चीवर टेकवून ठेवतो आणि तुम्ही वाचेपर्यंत थांबतो. सकाळी बाजारात जे चांगलं मिळालं, ते दुपारी पाटीवर येतं. सोमवार ते शुक्रवार दुपारी ‘फॉर्म्युल’ असतो, म्हणजे ठरावीक दरात दोन किंवा तीन पदार्थ. दोन पदार्थांचे साधारण अठरा ते पंचवीस युरो होतात. रात्री बहुतेक ठिकाणी फॉर्म्युल नसतो. मग त्याच किचनमधलं जेवण वाईनसकट माणशी चाळीस-पन्नासवर सहज जातं. म्हणून माझा दुपारचा आग्रह.

वेळेच्या बाबतीत मात्र बिस्त्रो कडक. दुपारी दोनच्या सुमारास किचन बंद होतं ते थेट सात-साडेसातला उघडतं. साडेबाराला पोहोचावं हे उत्तम. अनेक बिस्त्रो रविवार-सोमवार बंद असतात, आणि ऑगस्टमध्ये काही तर आठवडेच्या आठवडे.

चांगला बिस्त्रो ओळखायचा कसा? दरपत्रक दाराबाहेर लावणं फ्रान्समध्ये बंधनकारक आहे, ते आधी वाचा. यादी छोटी असेल तर आशेला जागा आहे. पदार्थापुढे पातेल्यावर घराचं छप्पर काढलेलं चिन्ह दिसलं, तर तो पदार्थ कच्च्या मालापासून तिथेच शिजवलेला असतो. पाच भाषांत छापलेली, फोटोंनी भरलेली यादी दिसली तर मी पुढे चालू लागते.

शाकाहारी असाल किंवा बीफ-पोर्क खात नसाल, तर दोन्हीकडे नीट विचारून घ्या. कांद्याचं सूप बहुतेकदा बीफच्या स्टॉकमध्ये करतात, आणि मसूराच्या सॅलडमध्ये बेकनचे तुकडे निघू शकतात. इथे बुयोंचं पारडं थोडं जड आहे, कारण यादी मोठी असते आणि दोन-तीन स्टार्टर घेऊन पोट भरता येतं. बिस्त्रोच्या पाटीवर कधी कधी मुख्य पदार्थ तीनच, आणि तिन्ही मांसाहारी.

खर्चाचं आणखी एक. दोन्हीकडे किमतीत सर्व्हिस धरलेली असते, वेगळी टिप द्यायची सक्ती नाही. ‘काराफ दो’ मागितलंत की नळाचं पाणी फुकट येतं, जेवणाबरोबर ब्रेडही. नुसतं ‘पाणी’ म्हणालात तर विकतची बाटली येऊ शकते.

मुलं बरोबर असतील तर दोन्ही वेळेला बुयोंच घ्या, गलबल्यात त्यांचा दंगा कुणाला टोचत नाही. वयस्कर मंडळी असतील तर बुयोंबाहेरची संध्याकाळची रांग टाळायला सहा-सव्वासहालाच पोहोचा. आठच्या सुमारास ती फुटपाथवर लांबपर्यंत गेलेली असते.