लाइटला चौदाशे, अक्कल रिलेला: थारच्या रिव्हर्स एलईडीचा अनुभव

माझी थार २०१४ची, सीआरडीई डिझेल इंजिनची, कापडी हूडवाली. हूडची मागची प्लास्टिकची खिडकी सोलापूरच्या उन्हानं पार पिवळी पडलीय, त्यात मधोमध स्टेपनी. कंपनीचा रिव्हर्सचा बल्ब म्हणजे देवघरातली समई. शहरात चालून जातं. पण आमचं शेत मोहोळ तालुक्यात सीनेच्या काठाला, आणि शेतीच्या फीडरला, म्हणजे वीजलाइनला, आठवड्यातले काही दिवस लाइट रात्रीचीच. मोटर चालू करायला बाराला जायचं आणि पाणंदीतून गाडी उलटी काढायची, कारण वळवायला जागा नाही. मागच्या पावसाळ्यात अशीच उलटी काढताना डावं चाक चारीत गेलं. काळी माती ओली असली की फोर बाय फोर वगैरे सगळं कागदावर. पहाटे शेजारच्या अण्णांचा ट्रॅक्टर आला तेव्हा सुटलो. अण्णा ओढून झाल्यावर एवढंच म्हणाले, "मालक, मागं डोळे लावून घ्या."

मग १८ वॅटचे दोन चौकोनी एलईडी घेतले, जोडी चौदाशेला. एक सांगतो, फ्लड बीमच घ्या, म्हणजे जवळ पण रुंद पसरणारा उजेड. दुकानदार स्पॉट गळ्यात मारत होता, "लांब पडतो" म्हणून. मागं जाताना मला पंधरा फुटांवरचा बांध दिसायला पाहिजे, पंढरपूरचा कळस नाही.

पहिल्यांदा एका ठिकाणी बसवून घेतले. नाव सांगत नाही. वीस मिनिटांत काम झालं, तिथंच शंका यायला हवी होती. पठ्ठ्यानं रिव्हर्स बल्बची वायर सोलली, पीळ मारला, टेप गुंडाळली, संपला विषय. तीन आठवड्यांनी गाडी धुतली, पाणी त्या सांध्यात गेलं आणि फ्यूज उडाला. नवे दिवे गेलेच, कंपनीचा बल्बही गेला. म्हणजे होती ती समईसुद्धा विझली.

दुसऱ्यांदा होटगी रोडच्या एका वयस्कर वायरमन मामांकडे गेलो. मामांनी आधी टेप काढून बघितली आणि "कुणी केलं हे?" असंही विचारलं नाही. नुसती मान हलवली. मग समजावून सांगितलं. दोन दिवे मिळून ३६ वॅट, १२ व्होल्टला ३ अँपिअर. करंट फार नाही, पण तो कंपनीच्या बारीक वायरीतून ओढायचाच कशाला? बॅटरीवरून वेगळी जाड वायर काढायची, बॅटरीजवळच फ्यूज टाकायचा, ती रिलेच्या ३० नंबरच्या पिनेला. रिले म्हणजे बारक्या करंटच्या इशाऱ्यावर मोठा करंट जोडणारा स्विच. ८७ वरून दिव्यांना. ८५ बॉडीला. ८६ ला रिव्हर्सच्या वायरीचा फक्त इशारा. रिव्हर्स पडला की रिले टक् करून ओढते, दिव्यांचा भार बॅटरीवर. सगळी वायर चासीच्या कडेनं काळ्या फ्लेक्सिबल पाइपातून मागं नेली. अर्धा दिवस गेला. रिले, वायर, स्विच, मजुरी धरून अकराशे घेतले. एक रुपया जास्त वाटला नाही.

स्विच तीन टप्प्यांचा बसवलाय. मधे बंद, खाली केला की रिव्हर्सबरोबर, वर केला की गिअर न टाकताही चालू. शेतातल्या मोटरच्या स्टार्टरची पेटी उघडून फ्यूज बघायला हा वरचा टप्पा सोन्यासारखा. पण यातच एकदा फजिती झाली. शेतातून निघताना बंद करायचा राहिला आणि तसाच हायवेला लागलो. मागचा ट्रकवाला अप्पर-डिप्पर मारतोय आणि मी आपला त्यालाच शिव्या देतोय! मागच्या बाजूला पांढरा उजेड फक्त गाडी मागं घेतानाच चालतो, एरवी पोलिसांनी धरलं तर बोलायला जागा नाही. आता मामांकडून स्विचजवळ बारका लाल इंडिकेटर लावून घेतलाय.

उजेड कसा? पाणंदीतल्या दोन्ही कडेच्या बोरी-बाभळी, चारीची कड, मधे बसलेलं कुत्रं, सगळं आरशात स्पष्ट. आधी बंपरच्या खाली लावले होते, एका पावसात चिखलानं लिंपले. आता बंपरच्या वर, दोन टोकांना, तोंड जरा खाली करून. सरळ ठेवले तर आरशातून आपल्याच डोळ्यांवर येतात. उन्हाळ्यात मात्र फुफाट्यात पांढरा उजेड मारला की मागं पांढरी भिंत उभी राहते. तेव्हा काच खाली करून मान बाहेर काढणं हाच उपाय, आजोबा बैलगाडी मागं घेताना काढायचे तशी.

खोक्यावर आयपी ६७, म्हणजे धूळ-पाणी आत जाणार नाही, असं लिहिलंय, तरी डाव्या दिव्याच्या काचेत आतून दव धरतं. चालू केला की दहा मिनिटांत जातं. दुकानदार म्हणतो, "वापरा की, काय होत नाही." मामा म्हणतात, उन्हात चांगला वाळवून कडेनं सिलिकॉन फिरवू. ऊस गेला की नेतो मामांकडे.