दिवसा झोपणाऱ्यांसाठी ब्लॅकआउट पडदे : आठ महिन्यांचा अनुभव

मी मिरजेच्या एका रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. नाइट ड्यूटी संपवून सांगलीला विश्रामबागेतल्या घरी यायला साडेनऊ होतात. झोपायच्या खोलीची खिडकी पश्चिमेला, त्यामुळे दुपार कलली की ऊन थेट डोळ्यांवर. उजेडात मेलाटोनिन, म्हणजे झोपेचं संप्रेरक, दबतं, म्हणून दिवसाची झोप तुटते, हे शिकताना वाचलं होतं. अंगावर काढलं तेव्हा खरं कळलं.

दिवाळीत कापडपेठेतून ब्लॅकआउट, म्हणजे उजेड पूर्ण अडवणारे, तयार पडदे आणले, पाच फूट उंच आणि चार फूट रुंद, दोन नग. मागून पांढरा रबरासारखा थर होता. दुकानात मोबाइलचा टॉर्च लावून पाहिला, कापडातून काहीच दिसलं नाही. घरी लावले तर खोलीत चक्क वाचता येईल एवढा उजेड! कापड चोख होतं, उजेड येत होता फटींतून. रिंगांच्या पडद्याला वर लाटा पडतात, तिथून तो छतावर जातो. रॉड भिंतीपासून तीन-चार इंच पुढे असतो, तिथून बाजूने येतो. आणि दोन पडदे जिथे भेटतात तिथे मधोमध उभी रेघ राहतेच.

मग सुताराकडून रॉड चौकटीच्या सहा इंच वर घेतला, दोन्ही बाजूंना आठ-आठ इंच वाढवला आणि वरून प्लायची बंद पेटी, म्हणजे पेल्मेट, बसवून घेतली. खोली खरी अंधारली ती या पेटीमुळे. बाजूच्या कडा वेल्क्रोने भिंतीला धरल्या. चिकटपट्टीचा वेल्क्रो एप्रिलच्या उन्हात सुटला, म्हणून नंतर लाकडी पट्टी ठोकून तिच्यावर बारीक खिळ्यांनी मारला. तो अजून पक्का आहे.

थराचे पडदे दोनदा मशीनमध्ये धुतले आणि घडीच्या जागी थर तडकला. भर दुपारी पडद्यावर चांदण्या दिसायला लागल्या. शिलाईच्या भोकांतूनही तसाच उजेड यायचा. आता विणीतच मधे काळा धागा असलेलं कापड घेतलंय. ते हाताला मऊ आहे, साध्या पाण्यात धुता येतं. शिंप्याकडून दोन पडद्यांचा एकच करून घेतला, त्यामुळे मधली रेघ गेली. माझं ऐकाल तर हेच कापड घ्या, थोडं महाग पडलं तरी.

उकाड्याचं मात्र वेगळं. पडदा आतून असला की ऊन काचेतून आत आलेलंच असतं, काच आणि पडदा यांमधली हवा तापते आणि ती खोलीत उतरते. मे महिन्यात सासूबाईंनी ग्रीलला बाहेरून बांबूची चिक बांधायला लावली. ऊन काचेबाहेरच अडलं, आणि पंख्याचा वारा झळ वाटेनासा झाला. वळवाच्या वाऱ्यात चिक आपटते, खालची टोकं ग्रीलला घट्ट बांधायला विसरू नका.

हॉलमध्ये रोलर ब्लाइंड, म्हणजे साखळी ओढून वर गुंडाळायचा पडदा, आहे. दिसायला सुटसुटीत, धूळही कमी. पण कापड दोन्ही बाजूंच्या ब्रॅकेटच्या आत राहतं, म्हणून कडेला बोटभर उजेड राहतोच. टीव्हीसाठी ठीक, दिवसा झोपायला नाही. शिवाय त्याची साखळी लोंबती ठेवू नका, लहान मुलाच्या गळ्यात अडकू शकते. आमची मुलगी तीन वर्षांची आहे, आम्ही साखळी ताणून हुकाने भिंतीला पक्की केली.

पावसाळ्यात खिडकी बंद राहिल्याने पडद्याला कुबट वास आला. तेव्हापासून उठल्या उठल्या चार वाजता पडदा पूर्ण बाजूला सारते आणि खिडकी उघडते. पडदाही सुकतो, आणि उजेड अंगावर आला की मलाही लवकर हुशारी येते.

सासूबाईंच्या खोलीत साधे सुती पडदेच ठेवलेत. पहाटेचं तांबडं दिसलं नाही तर त्यांना दिवस उजाडल्यासारखा वाटत नाही.