पंचगंगेकाठच्या दोन खोल्या: आठ महिन्यांच्या मुक्कामानंतरचा अनुभव

साखर कारखान्यांतील मापनयंत्रांची देखभाल हा माझा व्यवसाय असल्यामुळे गळीत हंगाम बंद असतानाची दुरुस्ती आणि हंगाम सुरू झाल्यानंतरचे पहिले काही महिने मला कोल्हापूर परिसरात काढावे लागतात. या वेळी जूनच्या पहिल्या आठवड्यापासून जानेवारीच्या अखेरीपर्यंत मी शिवाजी पुलापासून फार लांब नसलेल्या, नदीकाठच्या एका छोट्या गेस्टहाउसमध्ये राहिलो. जुना, दगडी जोत्याचा वाडा दुरुस्त करून त्यात आठ खोल्या काढलेल्या आहेत. त्यांपैकी दोन खोल्यांत मी राहिलो: आधी तळमजल्यावरच्या, थेट बागेत आणि पुढे नदीकडे उघडणाऱ्या खोलीत सात आठवडे, आणि नंतर वरच्या मजल्यावरील कोपऱ्याच्या खोलीत. गेस्टहाउसचे नाव देत नाही, कारण खाली केलेल्या तक्रारींपैकी काही मालकांनी नंतर मनावर घेतल्या.

तळमजल्याची खोली पाहताक्षणी आवडावी अशीच आहे. पश्चिमेला भिंतभर काच, तिच्यापुढे नदीचे वळण, काळ्याभोर दगडाची फरशी आणि पुस्तकांचे फडताळ. तिचे भाडे वरच्या खोलीपेक्षा दिवसाला ४०० रुपयांनी जास्त होते आणि पहिले दहा दिवस मला ते वाजवी वाटले. मृग बरसला आणि खोलीचे खरे स्वरूप कळू लागले. पलंगाच्या उशाकडची भिंत जमिनीपासून कमरेएवढ्या उंचीपर्यंत गार आणि दमट लागू लागली, रंगाला फुगे आले, आठवड्याभरात त्यांचे पोपडे सुटले आणि खालून पांढरा लोणा, म्हणजे ओलीबरोबर वर आलेला क्षार, दिसू लागला. व्यवस्थापकांचे म्हणणे असे, की रंग हलक्या प्रतीचा निघाला. माझ्या मते रंग बिचारा निर्दोष होता. वाड्याच्या मूळ भिंती विटांच्या आणि चुन्यातल्या आहेत. अशा भिंतीत जमिनीतली ओल थोडीफार चढणारच, पण चुन्याच्या गिलाव्यातून ती वाफ होऊन बाहेर पडत राहते. दुरुस्तीच्या वेळी त्यावर सिमेंटचा गिलावा आणि प्लॅस्टिक पेंट चढवल्यामुळे तिची वाट बंद झाली, आणि कोंडलेले पाणी अधिकाधिक वर चढू लागले.

ओल म्हणजे काय, हे मला भिंतीपेक्षा एका चपलेने अधिक चांगले शिकवले. धाकट्या भावासाठी कापशी घडणीचा कोल्हापुरी चपलांचा जोड घेतला होता आणि तो कागदात गुंडाळून पलंगाखालच्या कप्प्यात ठेवला होता. पंधरा दिवसांनी उघडून पाहतो तो दोन्ही तळव्यांवर कापसासारखी पांढरी बुरशी, आणि वेणीच्या चामड्याच्या विणीत तीच हिरवट झालेली. खोल्या आवरणाऱ्या मावशींना दाखवले तेव्हा त्यांनी जोड हातात घेऊन हुंगला आणि म्हणाल्या, ‘‘साहेब, हितं पावसाळ्यात चामडं पायातच ऱ्हायला पायजे. पेटीत घातलं की गेलंच. द्या, मी पुसून देतो.’’ खोबरेल तेलाच्या बोळ्याने त्यांनी तो जोड पुसला आणि स्वयंपाकघरात, चुलीपासून अंतर राखून टांगला. कप्प्याचा पलंग हा नदीकाठच्या खोलीत ठेवण्याचा प्रकार नव्हे, हे मी त्या दिवशी मनाशी नोंदवले. गादीखाली हवा खेळत नाही आणि जे काही आत ठेवाल त्याचे लोणचे होते.

वातानुकूलन यंत्राने प्रश्न सुटेल अशी माझीही समजूत होती, आणि वास्तविक माझ्या धंद्यातल्या माणसाची ती असायला नको होती. आर्द्रतामापक माझ्या बॅगेत नेहमीच असतो. जुलैमध्ये त्या खोलीत तो ८५ टक्क्यांच्या खाली क्वचितच आला. यंत्र १८ अंशांवर लावून झोपलो, की रात्री भिंती आणि काच थंडगार होत आणि सकाळी बागेचे दार उघडताच बाहेरची दमट हवा त्यांवर पाणी होऊन बसे. काचेवरून ओघळ, चादर ओलसर, पुस्तकांची पाने वळलेली. तेच यंत्र २६ अंशांवर, ‘ड्राय’ या बटणावर आणि छताचा पंखा मंद ठेवून चालवले तेव्हा आकडा ७० च्या आसपास आला आणि झोपही लागली. रिमोटवर हे बटण असतेच, पण ते कशासाठी आहे हे पाहुण्याला कोणीतरी सांगायला हवे.

जुलैच्या अखेरीस पाणी पात्राबाहेर पडले. कोल्हापुरात पावसाळ्यातली सकाळ पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पाणीपातळीने सुरू होते: ३९ फूट म्हणजे इशारा, ४३ फूट म्हणजे धोका. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, की घरोघरी हिशेब सुरू होतो. गेस्टहाउसच्या जिन्याच्या भिंतीवर २०१९ आणि २०२१ अशा दोन पट्ट्या रंगवलेल्या आहेत. त्या वर्षांत पातळी अनुक्रमे ५५ आणि ५६ फुटांवर गेली होती, आणि दोन्ही पट्ट्या माझ्या डोक्याच्या वर आहेत. या वेळी पाणी ३९ ओलांडून ४३ च्या आत थांबले, म्हणजे बागेपर्यंत आले आणि परतले. येथे मात्र व्यवस्थापनाला पूर्ण गुण द्यावे लागतील. पातळी ३७ फुटांवर असतानाच त्यांनी तळमजल्याच्या गाद्या, पंपाची मोटर आणि पाहुण्यांचे सामान वर हलवले, गाड्या उंचावरच्या रस्त्याला लावायला सांगितल्या आणि मला वरची कोपऱ्याची खोली दिली. भाडे मात्र आठवडाभर खालच्याच दराने लावले होते. बिल दाखवल्यावर ते दुरुस्त झाले.

वरच्या खोलीचे वर्णन करण्यासारखे फारसे काही नाही, आणि सहा महिने मी तिच्यात सुखाने राहिलो. तिची मोठी खिडकी उत्तरेला नदीकडे आहे आणि धाकटी पूर्वेला. पाऊस येथे नैर्ऋत्येकडून येतो, त्यामुळे धो धो पाऊस चालू असतानाही उत्तरेची झडप उघडी ठेवता येते. पश्चिमेच्या काचेच्या भिंतीला ते सुख नव्हते आणि उन्हाळ्यात दुपारी तिथे काय होत असेल याची कल्पनाच केलेली बरी. समोरासमोर नसल्या तरी दोन बाजूंना दोन खिडक्या असल्यामुळे वारा आत येऊन बाहेर जातो. भिंतींना चुना आहे, कौलांखाली लाकडी तक्तपोशी आहे, आणि कपाट भिंतीपासून चार बोटे पुढे ओढून ठेवलेले आहे. हे शेवटचे मावशींचे काम.

पलंग पट्ट्यांचा, खालून मोकळा. त्यावर काथ्याची गादी आणि वर पातळ कापसाची. खालच्या खोलीत फोमची जाड गादी होती आणि तिच्यावर डाग पडू नयेत म्हणून प्लॅस्टिकचे आवरण, जे कूस बदलली की कुरकुरत असे आणि पाठीला घाम आणत असे. पाहुण्यापेक्षा गादीची काळजी अधिक, असा त्याचा अर्थ मी घेतला. कापसाची गादी ओल धरते हे खरे, पण ती पातळ असेल तर उघडीप मिळताच दोन तास गच्चीवर टाकता येते, आणि श्रावणातल्या उनपावसात मावशी तसे करत. चादरी इचलकरंजीच्या साध्या सुती. पावसाळ्यात त्या कुठे वाळवल्या जातात, हे कोणत्याही नदीकाठच्या ठिकाणी खोली घेण्यापूर्वी अवश्य विचारावे, कारण अर्धवट वाळलेल्या चादरीचा कुबट वास कोणत्याही अत्तराने झाकत नाही. येथे त्यासाठी माळ्यावर पंखा लावलेली बंद खोली आहे. टॉवेलांच्या बाबतीत मी दुसऱ्याच आठवड्यात जाडजूड टर्किश टॉवेल परत करून पंचे मागून घेतले. पंचा रात्रीतून वाळतो, टॉवेल तिसऱ्या दिवशीही ओलाच असतो.

न्हाणीघर लहान आहे. गच्चीवरचा सौर बंब जूनच्या मध्यापासून सप्टेंबरपर्यंत शोभेचा, त्यामुळे गीझर आहे की नाही एवढे पाहावे. दार बंद केल्यानंतरही वीस मिनिटे चालू राहणारा एक्झॉस्ट पंखा ऑगस्टमध्ये बसवला आणि खोलीतला आर्द्रतेचा आकडा लगेच उतरला.

नदीच्या खळखळाटाची अपेक्षा ठेवून येथे येऊ नये. पंचगंगा पूर सोडला तर आवाज करत नाही. पावसाळ्यात बेडूक, दिवाळीनंतर शेतीपंप, आणि त्रिपुरी पौर्णिमेच्या पहाटे घाटावर पणत्या लावायला जाणारी माणसे, एवढेच ऐकू येते. लग्नसराईतल्या डॉल्बीविषयी लिहीत नाही. पावसाळा संपला की कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्यांत बरगे, म्हणजे पाणी अडवणाऱ्या फळ्या, घालतात आणि पाणी अडते. वाहती नदी तलावासारखी होते, जलपर्णी साठते, काही दिवस उग्र वास येतो आणि डास वाढतात. त्यामुळे जाळीची खरी परीक्षा पावसाळ्यात नसून नोव्हेंबरात असते. वरच्या खोलीच्या जाळ्या लाकडी चौकटीत घट्ट बसवलेल्या आहेत, पण दाराखाली बोटभर फट होती. तिच्यात रबरी पट्टी बसवून घ्यायला मला तीन वेळा आठवण करावी लागली. बाल्कनीतला पांढरा दिवा बदलून पिवळा लावल्यावर किड्यांची गर्दीही कमी झाली.

हंगाम सुरू झाला, की ऊस तुटलेल्या शेतांत पाचट पेटवतात आणि संध्याकाळच्या वाऱ्याबरोबर काळ्या राखेचे तुकडे नदीपलीकडून येऊन पांढऱ्या चादरीवर बसतात. हाताने झटकले तर डाग पडतो, फुंकर मारावी. माझे पोट ज्या पिकावर चालते त्याचीच ही राख असल्याने तक्रार करण्याचा मला अधिकार नाही. उत्तरेच्या खिडकीचे दुसरे उणे थंडीत कळले. डिसेंबर-जानेवारीत खोलीला ऊन जवळजवळ मिळत नाही आणि पहाटे पाय गारठतात. ब्लँकेट मागितले तेव्हा मावशींनी स्वतः शिवलेली वाकळ आणून दिली. जुन्या लुगड्यांचे सात थर असलेल्या त्या वाकळेखाली मी जानेवारी काढला.

दिव्याचे बटण उशाशी हाताला लागते, टेबल जेवणाच्या नव्हे तर लिहिण्याच्या उंचीचे आहे, वीज गेली तर इन्व्हर्टरवर पंखा चालतो. इंटरनेट बरे. जेवण घरगुती, आणि पांढरा रस्सा मागेल तितका.

पुढच्या जूनसाठी वरचीच खोली मी सांगून ठेवली आहे. निघण्याच्या आदल्या दिवशी तळमजल्याच्या खोलीत डोकावलो, तेव्हा गवंडी उशाकडच्या भिंतीवरचे सिमेंट छिन्नीने काढत होते आणि बागेत चुना भिजत घातलेला होता. काचेच्या भिंतीचे काय करणार, असे विचारल्यावर मालक म्हणाले, ‘‘ती ठेवणार. फोटोत तीच येते.’’ भावाने तो चपलांचा जोड पुण्यात रोज पायात घालायचे कबूल केले आहे.