प्रक्षेप गतीची गणिते आणि कॅसिओ एफएक्स-९९१ईएक्स

या कॅल्क्युलेटरचा वर्गसमीकरणाचा मोड दोन मुळे (समीकरणाची उत्तरे) देऊन थांबत नाही, लगेच पुढे शिरोबिंदूही दाखवतो. प्रक्षेप गतीत, म्हणजे फेकलेल्या वस्तूच्या हालचालीत, शिरोबिंदू म्हणजे कमाल उंची आणि तिथे पोहोचायला लागणारा वेळ. आमच्या मते हे यंत्र घेण्याचे खरे कारण हेच.

समजा, चेंडू जमिनीपासून १.५ मीटर उंचीवरून, सेकंदाला २० मीटर वेगाने, ३०° कोनात फेकला. मेनूमधून इक्वेशन, मग पॉलिनॉमियल आणि घात २ निवडा. उंचीच्या समीकरणातले सहगुणक (वेळेच्या वर्गाचा, वेळेचा आणि शेवटी सुरुवातीची उंची) आधी काढून ठेवायची गरज नाही, −९.८÷२, २० साइन ३० आणि १.५ असेच भरले तरी चालते. मुळे २.१८ आणि −०.१४ सेकंद येतात, शिरोबिंदू १.०२ सेकंदाला ६.६० मीटरवर. उत्तर वर्गमूळाच्या रूपात अडकले तर दशांशाची कळ दाबा. ऋण मूळ टाकून द्यायचे हे मात्र यंत्र सांगत नाही. फेकण्याआधीच्या वेळेला चेंडूच नव्हता, एवढे आपल्याला कळायला हवे.

सर्वाधिक घोळ कोनाच्या एककाचा. पडद्यावर वर अंशाची खूण नसून रेडियनची असेल, तर हाच चेंडू ०.०७ सेकंदात जमिनीवर येतो आणि 'कमाल उंची' ऋण वेळेला दिसते. असे काही दिसले की समीकरण तपासत बसू नका, आधी सेटअप बघा.

चेंडू ७ मीटर उंची कधी गाठेल? शेवटचा सहगुणक १.५−७ करा. आता विवेचक (सूत्रातल्या वर्गमुळाखालची संख्या) ऋण, त्यामुळे १.०२ ± ०.२८ आय अशी संमिश्र मुळे येतात; आय म्हणजे −१ चे वर्गमूळ. अर्थ सरळ आहे: चेंडू तिथवर जातच नाही. पण गंमत बघा, वास्तव भाग म्हणजे माथ्यावर पोहोचण्याचीच वेळ! नवख्यांचा गोंधळ टाळायचा तर सेटअपमध्ये संमिश्र मुळे बंद करता येतात.

पल्ल्यासाठी, म्हणजे चेंडूने कापलेल्या आडव्या अंतरासाठी, पहिल्या समीकरणाचे धन मूळ चलात साठवून २० कॉस ३० ने गुणा: ३७.७८ मीटर. हाताने २.१८ टाइप केले तर ३७.७६ येते. यंत्रातला गुरुत्व त्वरणाचा तयार स्थिरांक ९.८०६६५ आहे. तो वापरला तर पल्ला ३७.७५ होतो, म्हणून गणितात ९.८ दिले असेल तर तेच घ्या.

उणीव आलेखाची. पडद्यावर वक्र उमटत नाही. क्यूआर कोड फोनने स्कॅन करून तो इंटरनेटवर पाहावा लागतो. नेट नसेल तेव्हा टेबल मोडवर भागते. एका फलनाला ४५ ओळी मिळतात, दोन घेतली तर ३०. उंची आणि आडवे अंतर शेजारी शेजारी ठेवून ० ते २.२ सेकंद, ०.१ च्या टप्प्याने घेतले तर २३ ओळींत सगळे उड्डाण मावते.