ओटीटीवरचा कॉमेडी सेक्शन: २ स्टार, तेही जुन्या पिक्चरांसाठी

ॲप चांगलंय, बफरिंग नाही, सबटायटल्स बरोबर येतात, तक्रार फक्त कॉमेडी सेक्शनची आहे. नवीन म्हणून जे काही टाकलंय त्यात दर दोन मिनिटांनी कमरेखालचा जोक, नाहीतर कुणाच्या जाडेपणावर, तोतरेपणावर, बायकोवर टोमणे, आणि आम्हाला हसायचं कळावं म्हणून मागून साउंड इफेक्ट. आईवडील सोबत असले की रिमोट हातातच धरून बसावं लागतं.

खाली स्क्रोल केलं की १९७५ चा चुपके चुपके आणि १९७९ चा गोलमाल सापडतो, दोन्ही हृषीकेश मुखर्जींचे. गोलमालमध्ये काय आहे, तर एक मिशी! अमोल पालेकर एक थाप लपवायला दुसरी मारतो, मग जुळा भाऊ येतो, मग खोटी आई, आणि त्याचे मिशीवेडे साहेब झालेले उत्पल दत्त दर वेळी फसतात तरी त्यांचा अपमान झाल्यासारखं वाटत नाही, उलट ते जास्तच आवडायला लागतात. एकही शिवी नाही. आधी पेरायचं आणि अर्ध्या तासाने वसूल करायचं, ह्याला पटकथा लागते हो, आणि पटकथेवर मेहनत घेतलेली नवीन कॉमेडी मला ह्या सेक्शनमध्ये दिसलीच नाही.

ॲडल्ट कॉमेडीला विरोध नाही, ज्यांना बघायचीय त्यांनी खुशाल बघावी. फक्त घरच्यांसोबत बघता येईल असा विनोद वेगळा शोधायला एक फिल्टर द्या, आणि जुन्या पिक्चरांचा आवाज मधेच बारीक होतो तेवढा नीट करा प्लीज.